पोलम्माची टाळू, तवितम्माची जीभ

आमच्या गावात कॅन्सरमधलं कुणाला कळतं असं विचारलंत, तर लोक विशाखपट्टणच्या एकाही डॉक्टरचं नाव घेणार नाहीत. ते तुम्हाला आमच्या घराकडे पाठवतील. ओट्यावर एक बाज टाकलेली आहे आणि तिच्यावर माझी सासू पोलम्मा बसलेली आहे. तिला एकदा कॅन्सर झाला आणि ती मेली नाही. तिची विद्वत्ता म्हणाल तर ती एवढीच. पण टेक्कलीपासून समुद्रापर्यंतच्या बायका तोंडात काही टोचायला लागलं की आधी तिच्यापुढे येऊन आ करतात.

ती माझी नुसती सासू नाही, सख्खी आत्याही आहे. आमच्याकडे मुलगी लांब देत नाहीत, आत्याच्याच घरात ढकलतात. त्यामुळे सासरी जाऊन माझं माहेर तुटलं नाही आणि माहेरी जाऊन माझी सासू सुटली नाही. माझ्या वडिलांचं, असिरिनायडूंचं घर आमच्या भिंतीला लागूनच आहे. नान्ना, म्हणजे माझे वडील, अगदी लहान असताना त्यांची आई गेली आणि त्यांना काखेत घेऊन वाढवलं ते पोलम्मानं. हे ती कुणालाही विसरू देत नाही, नान्नांना तर मुळीच नाही. साठी ओलांडलेला हा माणूस, पण बैल विकायचा असो की दाढ काढायची असो, आधी बहिणीच्या बाजेशी जाऊन उभा राहतो.

आता चुट्ट्याचं सांगते. आमच्या किनाऱ्यावरच्या बायका तंबाखूच्या पानाची जाड विडी वळतात, तिला चुट्टा म्हणतात, आणि तो उलटा ओढतात, म्हणजे पेटतं टोक तोंडात. वाऱ्यानं विझत नाही, राख अंगावर पडत नाही आणि दोन्ही हात कामाला मोकळे राहतात. परक्या माणसाला हे पाहून घाम फुटतो, आम्हाला काही वाटत नाही. आत धग लागून लागून टाळू पांढरी पडते, तिच्यावर लाल ठिपके उठतात, त्याचंही कुणाला काही वाटत नाही. केस पिकतात तशी टाळू पिकते, एवढंच म्हणतात. आत्या तर तोंडात निखारा धरून माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवू शकत असे, तीही शब्दन्‌शब्द स्पष्ट.

माझा धाकटा पोटात होता त्या वर्षी त्या पिकल्या टाळूला जखम झाली. आधी फोड आला, मग तो फुटला, पसरला, आणि सांबार झोंबायला लागलं. माझ्या नवऱ्यानं तिला विशाखपट्टणला नेलं. तिथे टाळूचा तुकडा हाडासकट काढला आणि राहिलेल्या भोकावर बसवायला एक कवळी करून दिली. गळ्याला हात लावला नाही, कारण तिच्या बाबतीत तशी गरज नव्हती. ती घरी आली, चार दिवसांत भांडायला लागली, आणि ही आता जात नाही हे आम्हाला कळून चुकलं.

वाचली ते चांगलंच झालं. ती मरावी म्हणून मी काही देवीला नवस बोलले नव्हते. पण माणसानं वाचावं आणि गप्प बसावं की नाही? आत्या वाचली ती जणू स्वतःच्या हुशारीनं. लग्नात, बारशात, आठवड्याच्या बाजाराला जाणाऱ्या बसमध्ये ती कवळी काढून तळहातावर ठेवायची, मान मागे टाकून भोक दाखवायची आणि गेंगाण्या आवाजात सगळी कथा सांगायची. कवळी काढली की तिचे शब्द नाकातून जातात. पेज प्यायली तर तीही नाकातून येते, आणि तेही ती हौसेनं करून दाखवायची. पंगतीतली माणसं पानावरून उठली तरी तिला वाटायचं, ऐकण्यात रंगून जेवण विसरली. चुट्टा तिनं सोडला नाही तो नाहीच. एकदा जुन्या सवयीनं पेटतं टोक आत घेतलं आणि कवळी वितळून वाकडी झाली. तर दवाखान्यात जाऊन, हलकं प्लॅस्टिक वापरता म्हणून, त्यांनाच फैलावर घेऊन आली. बिचाऱ्यांनी दुसरी करून दिली.

अशा रीतीनं ती तज्ज्ञ झाली. बाया यायच्या, आत्या बॅटरीचा झोत त्यांच्या तोंडात टाकायची आणि निकाल द्यायची, ‘पिकली आहे, सडली नाही. जा घरी.’ पाहायची ती फक्त टाळू. जीभ, गाल, हिरड्या ही तिच्या लेखी टाळूची गडीमाणसं होती, त्यांच्याकडे कोण बघतो. कुणी सांगितलं की डॉक्टर गळ्याचंही ऑपरेशन करायचं म्हणतात, तर ती पदर बाजूला करून स्वतःचा गळा दाखवायची. ‘हा बघ. लावलीय का कुणी सुरी? जखम तोंडात, तर गळा कशाला? शिकाऊ पोरांचा हात बसावा म्हणून कापतात ते.’ समोरची बाई मान डोलवायची. जिवंत माणूस समोर बसलेला, त्याहून मोठा पुरावा कुठला असणार?

माझी अम्मा, तवितम्मा, अशा नणंदेची भावजय म्हणून जन्मभर नांदली. ती गरीब गाय होती असं मी म्हणणार नाही. तिला उलट उत्तरं चांगली सुचायची, फक्त वन्संना न सांगता ती कोंबड्यांना सांगायची. संध्याकाळी परसात उभी राहून टाळूला जीभ लावून टक्‌ टक्‌ आवाज काढायची. कोंबड्या धावत यायच्या, आणि मग दाणे टाकता टाकता ती त्यांना, आज कोण काय बोललं आणि त्यावर काय बोलायला हवं होतं, ते सगळं ऐकवायची. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. मी पदर तोंडात कोंबून हसायची. नातवंडं झाल्यावर तिनं चुट्टा सोडला आणि त्याऐवजी तंबाखूच्या पानाचा तुकडा डाव्या दाढेशी धरायला लागली. आमच्याकडे ह्याला व्यसन सुटलं असं म्हणतात.

एक दिवस पलीकडून टक्‌ टक्‌ आलं नाही, ताटली बडवल्याचा आवाज आला. मी जाऊन विचारलं तर म्हणाली, जिभेला जरा लागतंय, दाढ तुटली आहे ना तिथे. मी तोंड उघडायला लावलं. जिभेच्या डाव्या कडेला हरभऱ्याच्या दाण्याएवढी जखम होती, कडा उचललेली. किती दिवस आहे विचारलं तर आंबे होते तेव्हापासून म्हणाली. तेव्हा काजूची झाडं मोहरायला आली होती.

आत्याला अर्थातच आधी दाखवायला लागलं, नाहीतर नान्ना जागचे हलले नसते. तिनं बॅटरी लावली, टाळू पाहिली, खूश झाली. तवितम्मा, तुझी तर अजून पिकलीसुद्धा नाही, म्हणाली. मी म्हटलं, आत्या, जीभ बघ. तिनं उपकार केल्यासारखी जीभ पाहिली आणि हसली. तिची स्वतःची जखम रुपयाएवढी होती, ही तर तिच्या नखाएवढीही नव्हती. चुना-गूळ लावायला सांगून तिनं बॅटरी बंद केली. त्या दिवशी मी घरात एवढा आरडाओरडा केला की शेवटी नान्ना विशाखपट्टणला यायला तयार झाले. आत्याही निघाली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण तज्ज्ञाला बोलवावं लागत नाही.

दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, केस कापलेल्या, बोलायला फटकळ. त्यांनी जखम पाहिली थोडी आणि दाबली जास्त. हातमोजे घालून अम्माची जीभ दोन बोटांत धरली आणि वरून खालून चाचपत राहिल्या. अम्माच्या डोळ्यांतून पाणी आलं पण ती हलली नाही. मग गळ्यावरून, जबड्याखालून बोटं फिरवली. मांसाचा कण काढून तपासायला पाठवला, जिभेचा आणि गळ्याचा फोटो काढायला लावला. सगळं हातात आल्यावर आम्हाला बोलावून म्हणाल्या की जिभेचा तेवढा भाग काढायचा, आणि त्याच वेळी गळ्याच्या डाव्या बाजूच्या गाठीही काढून टाकायच्या.

आत्या ह्याचीच वाट पाहत होती. तिनं कवळी काढली, बाईंच्या टेबलावर ठेवली आणि वर तोंड करून भोक दाखवलं. ‘घाला ती परत,’ बाई म्हणाल्या. मग आम्हा सगळ्यांकडे बघून त्यांनी सांगितलं, आणि मी ते अजून शब्दाशब्दानं सांगू शकते, कारण मी ते तेव्हापासून रोज ऐकते आहे.

‘ह्यांची जखम टाळूच्या हाडावर पसरली होती. तिथून गळ्याकडे जायला वाटा कमी असतात. जीभ म्हणजे मऊ मांस, दिवसभर हलणारं, आणि तिच्यातून गळ्यातल्या गाठींकडे वाटाच वाटा. तवितम्माची जखम वरून एवढीशी दिसते, पण खाली पुष्कळ खोल उतरली आहे. किती रुंद ते मला विचारू नका, किती खोल ते विचारा. एवढी खोल गेलेली जखम गळ्यात पोचलेली असू शकते, आज हाताला लागत नसली तरी.’

नान्नांनी विचारलं, गळ्यात आज गाठ आहे का. बाई म्हणाल्या, हाताला लागत नाही. फोटोत? फोटोतही दिसत नाही.

आत्यानं मांडीवर हात मारला. ‘गळ्यात काही नाही म्हणता, आणि गळाच कापायचा म्हणता?’

‘काही दिसत नाही तोवरच कापायचा,’ बाई म्हणाल्या. ‘गाठ दिसल्यावर सांगायला मी कशाला हवी? ती तुम्हालाही दिसेल.’

इतकं स्पष्ट बोलणं आमच्या घरात कुणी कधी केलेलं नाही, त्यामुळे ते कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. अम्माच्या मात्र शिरलं. ती पहिल्यांदाच बोलली. तिनं विचारलं, गळा कापल्यावर गिळता येईल का. बाई म्हणाल्या, येईल, डावा खांदा काही दिवस दुखेल, हंडा उजव्या काखेत घ्या.

‘मग कापा,’ अम्मा म्हणाली.

माझ्या आईनं हे स्वतःच्या तोंडानं, तिची जीभ अजून शाबूत असताना सांगितलं. पुढे घरात कुणी कुणी म्हणालं की तिचीच इच्छा नव्हती. असं म्हणणाऱ्याच्या तोंडात किडे पडोत.

बाहेर व्हरांड्यात आलो आणि आत्यानं हत्यार बदललं. गळा कापायचा म्हणजे गळ्यातला हळदीचा दोरा काढावा लागणार, हे तिच्या लक्षात आलं होतं. आमच्याकडे लग्नात हळदीत भिजवलेल्या दोऱ्यात सोन्याच्या वाट्या ओवून बांधतात. नवरा जिवंत असेतो तो दोरा गळ्यातून उतरत नाही. जुना झाला तर नवा आधी बांधतात, मग जुना सोडतात. जिभेच्या ऑपरेशनला नर्स तो कापडात गुंडाळून छातीवर चिकटवणार होती. गळ्याचं असेल तर मनगटाला बांधतो म्हणाली, रोज कितीतरी जणींचा बांधतो.

‘मनगटाला बांधायला ते काय घड्याळ आहे?’ आत्या म्हणाली. ‘असिरी, तू जिवंत उभा आहेस आणि तुझ्या बायकोचा गळा मोकळा करणार. कर. मी तुला काखेत घेऊन वाढवला तो ह्यासाठी.’

नान्नांचा चेहरा उतरला. त्यांना बायकोची काळजी वाटली की स्वतःच्या जिवाची भीती, हे मी त्यांना कधी विचारलं नाही, कारण मला उत्तर माहीत आहे. मी मध्ये पडले. म्हटलं, आत्या, त्यांनी एवढं समजावून सांगितलं की तुझं वेगळं आणि अम्माचं वेगळं.

‘पैडी, तू दहावी झालीस म्हणून डॉक्टर झालीस का गं? माझा कॅन्सर मी भोगलाय. त्या बाईला झालाय का कधी?’

मी ओरडले, रडले, नान्नांचे पाय धरले. माझा नवरा काजूच्या कारखान्यात शंभर बायकांवर मुकादम आहे, पण आईपुढे त्याची जीभ टाळूला चिकटते. तो खिडकीतून गाड्या मोजत होता. अम्मा बाकड्यावर बसून आमच्याकडे बघत होती, परक्या घरातलं भांडण बघावं तशी. शेवटी नान्ना आत गेले, फक्त जीभ, असं सांगितलं आणि नकारावर अंगठा उठवून आले. डॉक्टरीणबाईंनी अम्माला बाजूला घेऊन पुन्हा विचारलं. अम्मानं नान्नांकडे पाहिलं, नान्नांनी आत्याकडे पाहिलं. अम्मा म्हणाली, ते म्हणतात तसं. एवढ्या माणसांतून फिरून आलेल्या त्या उत्तराला दवाखान्यात पेशंटची मर्जी म्हणतात.

जिभेचं ऑपरेशन नीट झालं. टाके सुटले तसा अम्माचा बोबडेपणा कमी झाला, पेज गिळता यायला लागली. कापलेला तुकडा तपासून आल्यावर बाईंनी आम्हाला पुन्हा बोलावलं. जखम त्यांना वाटलं होतं त्याहूनही खोल निघाली होती, एका नसेला चिकटलेली होती, आणि पेशी फार बिघडलेल्या जातीच्या होत्या. ह्या तिन्ही गोष्टी गळ्याकडे बोट दाखवतात, त्या म्हणाल्या. अजून उशीर झालेला नाही, गळ्याचं आत्ता करून घ्या, मागून किरणांचे उपचार देऊ. ह्याहून जास्त माणसानं काय सांगायचं? पण तोवर अम्मा चालतबोलत होती आणि तेच घातक ठरलं. आत्या गावभर सांगत फिरत होती की बघा, माझ्या शब्दाखातर गळा वाचला. नान्ना डोकं हलवून हो म्हणत होते, आणि त्यांचा तो सुटल्यासारखा चेहरा पाहून मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं. विशाखपट्टणहून फोन आले. नान्नांनी दोनदा उचलले, नंतर तेही बंद केलं.

सुंगटं, म्हणजे कोळंबी, सुकवायच्या दिवसांत अम्मा केस विंचरत होती आणि जबड्याखाली तिचा हात थांबला. मी समोरच होते. तिनं माझा हात ओढून तिथे ठेवला. आत चिंचोक्याएवढं काहीतरी होतं, टणक, सरकत नव्हतं, दुखतही नव्हतं. मग तिनं माझा हात बाजूला केला आणि राहिलेले केस विंचरले.

आत्यानं त्यावरही निकाल दिला. हंडे उचलून शीर चढली आहे. चुना-गुळाचा लेप लागला, पायाळू माणूस आणून चोळून झालं. गाठ लिंबाएवढी झाली तेव्हा आम्ही पुन्हा दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी गळ्यावरून बोटं फिरवली आणि लगेच नव्यानं फोटो काढायला पाठवलं. गाठ आपलं कवच फोडून बाहेर पडली होती आणि आतल्या रक्तवाहिनीला धरून बसली होती. तरी त्यांनी ऑपरेशन केलं, जेवढं निघेल तेवढं काढलं, खांद्याकडे जाणारी शीरही गेली. किरणं दिली. हळदीचा दोरा नर्सनं कात्रीनं कापून पाकिटात घालून माझ्या हातात दिला. त्या वेळी नान्ना तिथेच उभे होते आणि कुणीही, अगदी कुणीही, एक शब्द बोललं नाही.

अम्मा पुढच्या मोहरापर्यंत राहिली नाही. शेवटी शेवटी गिळता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, आणि मला तिचा राग ऐकायची एवढी इच्छा होती, कोंबड्यांना सांगायची तसा तरी. तिनं राग केला नाही. किंवा केला असेल, मला कळला नाही.

आमच्याकडे नवऱ्याआधी गेलेल्या बाईचं फार कौतुक असतं. हिरवं पातळ नेसवलं, कपाळभर कुंकू लावलं, गावातल्या सवाष्णी तिच्या पायाचं हळदकुंकू घ्यायला रांगेनं आल्या. आत्या मोठ्यानं रडली. ती खोटी रडली असं मी म्हणणार नाही, तिलाही भावजय हवी होती, नाहीतर ती रागावणार कुणावर? पण रडता रडता ती म्हणाली, तवितम्मा नशिबाची, सवाष्ण गेली. त्या क्षणी मला तिच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. अजूनही वाटतं. त्या वाक्यासाठी मी तिला माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही.

तुम्हाला वाटेल, एवढं झाल्यावर तिची बाज ओट्यावरून उचलली गेली असेल. छे. महिना गेला नाही तो आत्याच्या ज्ञानात भरच पडली. पूर्वी तिच्याकडे गळा न कापता जगलेली एक बाई होती, ती स्वतः. आता गळा कापून मेलेली दुसरी मिळाली. येणाऱ्या प्रत्येकीला ती सांगायला लागली, ‘माझ्याच घरात घडलंय. गळ्याला सुरी लागली आणि आमची तवितम्मा चार महिन्यांत गेली. हात लावू देऊ नकोस.’ आधी कधी नकार दिला, कुणी द्यायला लावला, गाठ कधी आली, ह्यातलं काही त्या कथेत नव्हतं. बाया हळहळायच्या. आणि अम्मा काही ओट्यावर येऊन आपली बाजू मांडू शकत नव्हती. मेलेल्यांचं हे असं असतं, सल्ला देतात ते सगळे वाचलेलेच.

सोंपेटाकडची गौरम्मा आली ती ह्याच दिवसांत. तरुण बाई, मागून तिचा नवरा, दोघंही लांबून चालत आल्यासारखे घामाघूम. तिच्या जिभेला जखम होती. विशाखपट्टणला दाखवून झालं होतं, आणि तिथे जिभेबरोबर गळ्याचंही सांगितलं होतं. नवऱ्याचं मन होत नव्हतं, म्हणून पोलम्माला विचारायला आणलं होतं. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात आले. नान्ना पायरीवर बसून जाळं शिवत होते. अम्मा गेल्यापासून ते आमच्याच ओट्यावर असतात, फारसं बोलत नाहीत.

आत्यानं टाळू पाहिली, कवळी काढून दाखवली, गळा दाखवला, आणि मग तवितम्मावर आली. गळ्याला सुरी लागली, चार महिन्यांत गेली.

‘अक्का,’ नान्ना म्हणाले.

मी एवढ्या वर्षांत त्यांना आत्याचं बोलणं तोडताना पाहिलं नव्हतं. त्यांनी जाळ्यावरून मान वर केली नाही.

‘ती सुरीनं नाही गेली. सुरी वेळेवर लागली नाही म्हणून गेली. ती कापा म्हणाली होती. तू नको म्हणालीस आणि मी अंगठा दिला.’

आत्याचं तोंड उघडंच राहिलं. कवळी हातात असल्यामुळे ती जे काही बोलली ते नाकातून गेलं आणि कुणालाही कळलं नाही. नान्ना उठले, जाळं गोळा केलं आणि आपल्या घरात जाऊन दार लावून घेतलं. माझा राग कमी झाला असं नाही. हे वाक्य त्यांना दवाखान्याच्या व्हरांड्यात सुचलं असतं तर अम्मा आज परसात असती. पण ऐकून माझे डोळे भरले हेही खरं आहे.

गौरम्माच्या नवऱ्यानं नान्नांच्या बंद दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, ‘म्हातारबुवा दुःखात आहेत. पण पोलम्मा जिवंत आहेत ना.’ आणि तो आत्याच्या पाया पडला. अशी माणसं आहेत इकडे, काय बोलायचं.

ती दोघं निघाली तशी मी फाटकापर्यंत गेले आणि तवितम्मा माझी आई होती, हे गौरम्माला सांगितलं. नवरा चप्पल शोधत होता. गौरम्मा माझ्याजवळ सरकली आणि हळूच विचारलं, ‘तुमच्या आईची जखम केवढी होती?’

मी करंगळीचं नख दाखवलं. तिनं नवऱ्याकडे पाठ केली, तोंडात बोट घालून जीभ चाचपली, माझ्या नखाकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि तिचा रंग उडाला.

‘माझी तर ह्याहून मोठी आहे,’ ती म्हणाली. ‘म्हणजे मला कापायलाच हवं.’ मग वळून नवऱ्याला म्हणाली, ‘अहो, मी गळ्याचं करून घेणार आहे. तुम्ही आलात तर बरं, नाहीतर मी भावाला घेऊन जाईन.’

जखम किती रुंद ह्यावर काही नसतं, ती किती खोल ते बघतात, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आमच्या मुलखात कुणाला तरी चुकीच्या मापानं बरोबर उत्तर येत होतं, आणि ते खोडून काढायला मी काही पोलम्मा नव्हते. मी म्हटलं, हो, पुष्कळच मोठी आहे, आणि विशाखपट्टणची गाडी पहाटे कुठून सुटते ते तिच्या नवऱ्याला नीट समजावून सांगितलं.